परत येणारा माणूस



दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर, अडाण नदीच्या काठी माझं गाव आहे. कागदावर त्याचं नाव बोरी अरब. एसटीचा कंडक्टर मात्र नुसतं 'बोरी' म्हणतो आणि तेवढ्यावर आम्ही उतरतो. घरात दखनी वळणाची हिंदी, बाजारात वऱ्हाडी आणि वहीत मराठी, अशा तीन वाटांनी माझी भाषा चालत आली. यवतमाळला जाऊन मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो आणि गावाने मला 'शिकलेला माणूस' म्हणून एका बाजूला ठेवून दिलं. घरची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. ती माझा धाकटा चुलत भाऊ पाहतो. मी फक्त बांधावर उभा राहतो.

या भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा मी कवितेवर बोलेन, अशी सगळ्यांची समजूत होती. मी म्हटलं, मला कृषी सहायकावर बोलायचं आहे. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. कृषी सहायकावर कोणी भाषण करतं का? तलाठ्यावर विनोद होतात, मास्तरांवर आठवणी लिहिल्या जातात, पाटलावर तर सिनेमेच निघाले. पण गावोगाव फिरून 'बियाण्याला हे चोळा, ते चोळू नका' असं सांगत आयुष्य काढणाऱ्या माणसाची गोष्ट कोणी सांगत नाही. माझ्याजवळ ती सांगण्याला कारण आहे. ते पुढे येईलच.

आधी लहानपणची गोष्ट. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी, एक गृहस्थ सायकलवरून यायचे. कॅरियरला कापडी पिशवी, खिशाला दोन पेनं, पँटच्या पायाला साखळीत अडकू नये म्हणून लावलेली क्लिप. अब्बा त्यांना 'साहेब' म्हणायचे आणि ते अब्बांना 'चाचा'. पहिल्या भेटीत त्यांनी ज्वारीच्या बियाण्याला गंधक चोळायला सांगितलं. किलोला चार ग्रॅम. अब्बा हसले. म्हणाले, "साहेब, गंधक तर फटाक्यात घालतात. बियाण्यात कशाला?"

त्या काळी ज्वारीवर काणी यायची. कणीस वरून ठीक दिसायचं, पण दाणा चिमटीत धरला की आतून काळी भुकटी निघायची. खळ्यावर मळणी करताना माणसं काजळी फासल्यासारखी दिसत. हा रोग म्हणजे नशिबाचा भाग, असं सगळे धरून चालायचे. साहेबांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "चाचा, अर्धं रान तुमच्या पद्धतीनं पेरा, अर्धं माझ्या. मध्ये एक तास मोकळं सोडा. बाकी मी काही बोलत नाही."

आणि खरंच ते काही बोलले नाहीत. दर पंधरा दिवसांनी यायचे, त्या मोकळ्या तासावरून चालत जायचे, अम्मीच्या हातचा चहा प्यायचे आणि जायचे. कणसं भरली तेव्हा त्यांनी अब्बांना हाक मारली. डावीकडची कणसं फोडली तर जागोजागी काळी भुकटी. उजवीकडची फोडली तर पांढरा, टणक दाणा. अब्बा बराच वेळ दोन्ही हातांत एकेक कणीस धरून उभे होते. पुढच्या वर्षापासून गंधक चोळल्याशिवाय आमच्याकडे ज्वारी पेरली गेली नाही. इतकंच नाही, अब्बा शेजारच्या धुऱ्यावर जाऊन दुसऱ्यांना गंधकाचं महत्त्व सांगू लागले, जणू तो शोध त्यांचाच.

पुढे मला कळलं की त्या साहेबांच्या ठरलेल्या वाराला एक नाव होतं. 'प्रशिक्षण आणि भेट' योजना. डॅनियल बेनॉर नावाच्या इस्रायली तज्ज्ञाने ती आखली होती आणि जागतिक बँकेच्या मदतीने सत्तरच्या दशकात ती राजस्थान-मध्य प्रदेशात सुरू झाली. ऐंशीच्या दशकात ती आपल्या गावांपर्यंत पोहोचली. तिचं तत्त्व साधं होतं. गावातले काही शेतकरी 'संपर्क शेतकरी' म्हणून निवडायचे. सल्ला देणाऱ्याने ठरलेल्या दिवशी त्यांच्या शेतात जायचं. मध्ये दोन दिवस त्याला स्वतःला शिकवायचं आणि पुन्हा शेतात पाठवायचं. आमचे अब्बा असे संपर्क शेतकरी होते. ही सरकारी पदवी त्यांना फार आवडायची.

त्याच्याही आधी ग्रामसेवक होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी, गांधीजयंतीला, देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि वर्षभराने राष्ट्रीय विस्तार सेवा आली. 'विस्तार' हा शब्द तेव्हापासून आपल्या सरकारी मराठीत रुजला. शेतीशाळेत, प्रयोगशाळेत जे ज्ञान आहे ते गावापर्यंत पसरवायचं, म्हणून विस्तार. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे, पुसदकडचे वसंतराव नाईक १९६३ साली मुख्यमंत्री झाले. त्यांच्या अकरा वर्षांहून अधिक काळात संकरित ज्वारी आली, १९७२ चा दुष्काळ आला, अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठ झालं. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, आपण कृषी दिन म्हणून पाळतो. पण मुख्यमंत्र्यांचं स्वप्न असो की विद्यापीठाचं संशोधन, ते आमच्या धुऱ्यापर्यंत आलं ते सायकलच्या कॅरियरवर बसून.

जगातही ही कल्पना संकटातूनच जन्मली आहे. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि माणसं उपासमारीने मरू लागली, तेव्हा १८४७ मध्ये तिथल्या व्हाइसरॉयने, लॉर्ड क्लॅरेंडनने, गावोगाव फिरून शेतकऱ्यांना बटाट्याखेरीज दुसरी पिकं शिकवणारे उपदेशक पाठवले. आणि अमेरिकेची गोष्ट तर आमच्या कापूसवाल्यांना फारच जवळची वाटेल. टेक्सासमध्ये कापसाच्या बोंडात भुंगा शिरला होता. शेतकरी जमिनी सोडून चालले होते. तेव्हा सीमन नॅप नावाच्या एका म्हाताऱ्या कृषितज्ज्ञाने १९०३ मध्ये टेरेल गावातल्या पोर्टर नावाच्या शेतकऱ्याला म्हटलं, तुझ्याच शेतात, तुझ्याच हाताने, माझ्या पद्धतीने पिकवून पाहा. यात खरी मजा पुढेच आहे. गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून कबूल केलं की पोर्टरचं नुकसान झालं, तर ते आम्ही भरून देऊ. नुकसान झालं नाही, उलट फायदा झाला. त्यातूनच पुढे १९१४ साली अमेरिकेत विस्तार सेवेचा कायदा झाला.

मला या गोष्टीतली ती वर्गणी महत्त्वाची वाटते. सल्ला फुकट असतो, पण तो मानणं फुकट नसतं. कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षातून एकच डाव मिळतो. सल्ला चुकला तर सल्ला देणाऱ्याचा पगार थांबत नाही, शेतकऱ्याचं वर्ष जातं. म्हणून शेतकरी 'हो साहेब, हो साहेब' म्हणतो आणि घरी जाऊन करायचं तेच करतो. त्याला आपण अडाणी म्हणतो. तो अडाणी नसतो. 'चुकलं तर भरणार कोण?' हा त्याच्या मनातला प्रश्न असतो आणि तो बरोबर असतो.

आमच्या सायकलवाल्या साहेबांकडे व्यापाऱ्यांची वर्गणी नव्हती. नुकसान भरून देण्याची त्यांची ऐपतही नव्हती. त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती. ते परत यायचे. चुकले असते, तर पंधरा दिवसांनी अब्बांसमोर उभं राहून ऐकून घ्यावं लागलं असतं. त्यांनी तारण ठेवलं होतं ते आपलं तोंड. अब्बांनी अर्धं रान त्यांच्या हवाली केलं ते त्या भरवशावर.

आता, श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, हा माणूस जुन्या दिवसांचे गोडवे गातो आहे. तसं नाही. त्या दिवसांत चुकाही झाल्या. ऐंशीच्या दशकात कापसावर नवी पायरेथ्रॉइड कीटकनाशकं आली. पहिल्या एक-दोन फवारण्यांत अळ्या पटापट पडल्या आणि सगळे खूश झाले. सल्ल्यात फवारणीची वेळापत्रकंच आली. मग किडी त्या औषधाला सरावल्या, पांढरी माशी वाढली, फवारण्या वाढत गेल्या. ज्यांनी 'फवारा' म्हटलं त्यांनाच पुढे 'थांबा' म्हणावं लागलं. फरदडीचंही तसंच. वेचणी संपली तरी पऱ्हाटी उभी ठेवायची, पाणी द्यायचं आणि आणखी क्विंटल-दोन क्विंटल कापूस काढायचा, ही आमच्याकडे हुशारी समजली जाई. आता गुलाबी बोंडअळीमुळे सांगितलं जातं की डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, शेतात बोंड ठेवू नका. सल्ला बदलतो, कारण कीड बदलते. पण तो बदलला हे सांगायलाही कोणीतरी परत यावं लागतं. जो एकदाच येतो त्याचा जुना, चुकीचा सल्लाच गावात राहून जातो.

या कामात रेडिओचा वाटाही मोठा आहे आणि रेडिओवर बसून ते सांगताना मला संकोच वाटत नाही. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं घेतली. गावातली माणसं एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायची, मग त्यावर आपसात चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायची. तिथेही तोच धागा. बोलणाऱ्याला उत्तर द्यावं लागत होतं. आमच्या घरी संध्याकाळी ट्रान्झिस्टर लागायचा तेव्हा अब्बा शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि निवेदकाशी मोठ्याने भांडत. "हमारे यहाँ पानी किधर है, भाई?" असं ते त्या डब्याला विचारत. डबा उत्तर देत नसे. मग साहेब आले की तोच प्रश्न त्यांना.

पुढे दिवस बदलले. १ जुलै १९९८ पासून राज्याच्या कृषी खात्यात मृदसंधारण, फलोत्पादन आणि विस्तार हे सगळं एका खिडकीत आलं. कृषी सहायकाकडे कामांचा झुबका आला. शेततळं मोजा, फळबागेचे खड्डे मोजा, गारपिटीचे पंचनामे करा, अनुदानाच्या याद्या करा, पीक विम्याचे अर्ज पाहा, ऑनलाइन माहिती भरा. गावात येतो तो माणूस तोच, पण आता तो पिकाकडे पाहत नाही, कागदाकडे पाहतो. त्यात त्याचा दोष थोडा आणि आपला, म्हणजे व्यवस्थेचा, जास्त.

२००३ साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने देशभरातल्या शेतकऱ्यांना विचारलं, तुम्हाला शेतीतल्या नव्या तंत्राची माहिती कुठून मिळते? शंभरातल्या साठ घरांनी सांगितलं, कुठूनच नाही. उरलेल्यांत सगळ्यात वर होता दुसरा प्रगतिशील शेतकरी, १६.७ टक्के. त्याच्या खाली कृषी सेवा केंद्रवाला, १३.१ टक्के. जवळजवळ तेवढाच रेडिओ, १३ टक्के. आणि सरकारचा विस्तार कार्यकर्ता? ५.७ टक्के.

दुकानदार सरकारी माणसाच्या दुपटीहून पुढे का? कारण तो रोज भेटतो आणि उधार देतो. त्याचे पैसे शेतकऱ्याच्या पिकात अडकलेले असतात, म्हणून त्याचा शब्द खरा वाटतो. काही दुकानदार चांगलेही असतात. त्यांच्यासाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ पासून खास पदविका अभ्यासक्रम काढला, तो अनेकांनी केला. पण ज्याचा सल्ला आणि ज्याचा माल एकाच काउंटरवरून मिळतो, त्याच्याकडून 'यंदा काही मारू नका, थांबा' हा सल्ला मिळणं कठीण. आणि शेतीत कितीदा तरी तोच सल्ला खरा असतो.

आता ती गोष्ट, जी सांगायला मी आलो.

२००२ साली बीटी कापूस आला आणि काही वर्षं बोंडअळी गेल्यासारखी वाटली. आम्ही कडेच्या बिगर-बीटी ओळी लावणं सोडून दिलं. त्या ओळी का लावायच्या हे आम्हाला कोणी नीट पटवलं नव्हतं आणि ती पाकिटं लोक बांधावर फेकून देत. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. हवा कोंदट होती. माणसं त्या झाडांत शिरून, पाठीवर पंप घेऊन, दोन-दोन तीन-तीन औषधं एकत्र करून फवारत होती.

सप्टेंबरातल्या एका सकाळी माझा चुलत भाऊ दारात आला. हातात बाटल्या, त्यातल्या एकीला चिकटलेला घडीचा कागद. म्हणाला, "भाईजान, ये जरा पढ के बताओ ना, कित्ता डालना." मी एका कविसंमेलनासाठी कविता निवडत बसलो होतो. कागद हातात घेतला. मुंगीच्या पायासारखी अक्षरं, आठ-दहा भाषा. मी तो परत दिला आणि म्हटलं, "दुकानवाले ने बताया ना? उत्ताच डाल."

गावात शिकलेला माणूस मी. घरात पुस्तकांचं कपाट माझं. आणि आयुष्यात एकदाच घरच्या माणसाने मला काहीतरी वाचून दाखव म्हटलं, तर मी ते वाचलं नाही.

त्याने दोन दिवस फवारणी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. घामाने निथळत होता. मला म्हणाला, दोन-दोन दिसतंय. आम्ही त्याला यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, औषध कोणतं होतं, बाटली आणली का? मी रातोरात गावी परत आलो. गोठ्याच्या कोनाड्यात ती बाटली होती आणि तो कागद, तसाच घडी केलेला. परतीच्या वाटेवर गाडीच्या दिव्यात मी तो पहिल्यांदा उघडला. त्यात सगळं होतं. किती पाण्यात किती, हातमोजे, तोंडावर कापड, वाऱ्याच्या उलट दिशेला फवारू नका, फवारताना खाऊ-पिऊ नका, विषबाधेची लक्षणं, आणि सगळ्यात खाली डॉक्टरांसाठी उतारा कोणता द्यायचा तेही.

अकरा दिवसांनी तो घरी आला. तो वाचला. सगळे वाचले नाहीत. त्या एका हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यातले कितीतरी दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे होते. औषध त्यांनी विकत घेतलं नव्हतं, त्यामुळे कागद त्यांच्या हातात येण्याचा प्रश्नच नव्हता.

भाऊ घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी आमच्या सर्कलच्या कृषी सहायक आल्या. तिशीच्या आतल्या बाई, स्कूटीवर. गाव त्यांना ताई म्हणायचं. पोळ्याच्या सुमारास त्यांनी चावडीत फवारणीवर बैठक घेतली होती, हे मला नंतर कळलं. सात-आठ जण आले होते. भाऊ गेला नव्हता, मी तर त्या दिवशी गावात असूनही गेलो नव्हतो. ताई बाजेजवळच्या स्टुलावर बसल्या. त्यांनी भावाला विचारलं, आता नीट दिसतं का, जेवण जातं का. "मी सांगितलं होतं", हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. मी त्याची वाट पाहत होतो.

निघताना त्या मला म्हणाल्या, "काका, तुम्ही मुशायऱ्यात वाचता म्हणे. माझं एक काम कराल? तो बाटलीवरचा कागद बाजाराच्या दिवशी वाचून दाखवाल? माझं बोलणं लोकांना सरकारी वाटतं."

मी वाचलं. बाजाराच्या दिवशी, झाडाखाली, खुर्चीवर उभं राहून. आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक मला कोणी ऐकलं नव्हतं. एकेक वाक्य वाचायचं आणि वऱ्हाडीत समजावून सांगायचं. बाटलीवरच्या त्रिकोणांचे रंग सांगितले. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजेही औषध, सरबत नव्हे. चोंदलेलं नोझल तोंडाने फुंकू नये, हे वाक्य आलं, तेव्हा मागून एक म्हातारा मजूर म्हणाला, "असं लिवलं हाय त्याच्यात? मंग चाळीस वर्सं आमी काय केलं?" कोणी हसलं नाही.

त्यानंतर मी ताईंच्या कामाकडे नीट पाहू लागलो. मे महिन्यात त्या सोयाबीनच्या पोत्यातले शंभर दाणे मोजून घेतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतात, गुंडाळतात, सावलीत ठेवायला सांगतात. आठवड्याने येऊन उघडतात आणि घरच्या पोराकडून मोड आलेले दाणे मोजून घेतात. सत्तर आले तर नेहमीच्या मापाने पेरा, कमी आले तर बियाणं वाढवा, फारच कमी आले तर हे बियाणं नको. मृगाचा पहिला शिडकावा झाला की सगळ्यांचे हात शिवशिवतात, तेव्हा त्या 'पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर होऊ द्या' म्हणत गावभर फिरतात. कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावायला सांगतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर उपाय करायचा. नाहीतर फवारायचं नाही, हेच त्यांचं मुख्य सांगणं.

यातली एकही गोष्ट फार मोठी विद्या नाही. पण प्रत्येकीत काहीतरी मोजायचं आहे आणि ते शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने मोजायचं आहे. पूर्वीचे साहेब कणीस फोडून दाखवायचे, ताई दाणे मोजायला लावतात. सांगितलेलं विसरतं, मोजलेलं विसरत नाही. पोकरा प्रकल्पात आमच्या जिल्ह्यातल्या गावांमध्ये ज्या शेतीशाळा झाल्या, त्यांचं मूळ १९८९ साली इंडोनेशियात भाताच्या शेतात सुरू झालेल्या शाळांमध्ये आहे. तिथेही फळा म्हणजे शेत आणि धडा म्हणजे मोजणी.

आता काळ मोबाइलचा आहे. किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे. पीक पाहणीवर आधारलेला 'क्रॉपसॅप' प्रकल्प राज्याने २००९ पासून चालवला, कारण आदल्याच वर्षी सोयाबीनवर अळीने धुमाकूळ घातला होता. २०२५ मध्ये राज्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं 'महाविस्तार' हे ॲप आणलं, त्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. त्याच वर्षी कृषी सहायकांच्या आंदोलनानंतर त्यांचं पदनाम बदलून 'सहायक कृषी अधिकारी' झालं. मी या सगळ्याच्या विरुद्ध नाही. माझा भाऊ आता बोंडाचा फोटो काढून फोनला विचारतो आणि बरेचदा उत्तरही बरोबर येतं. माझ्या अब्बांचा डबा उत्तर देत नव्हता, हा देतो. ही प्रगतीच आहे.

पण फोन पंधरा दिवसांनी आपण होऊन विचारत नाही, की चाचा, काय झालं त्या रानाचं? फोन बाजेजवळ बसत नाही. आणि चावडीत सात-आठ जणच आले, म्हणून फोनला वाईट वाटत नाही. ताईंना वाटलं होतं. पुढे एकदा त्या मला म्हणाल्या, "काका, त्या दिवशी मी घरोघर फिरायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "ताई, मी चावडीत यायला पाहिजे होतं." यावर दोघांनीही पुढे काही बोललो नाही.

श्रोतेहो, सरकारकडे मागणं एवढंच आहे की या माणसांना पदनामाबरोबर वेळही द्यावा. पंचनामे आणि याद्यांतून त्यांचे महिन्यातले काही दिवस मोकळे करून ते ठरलेल्या वारी ठरलेल्या गावाला द्यावेत. रिकाम्या जागा भराव्यात. आणि आपल्याकडेही मागणं आहे. कृषी सहायक गावात आला तर त्याच्याभोवती चार माणसं बसू द्या. त्याला प्रश्न विचारा, त्याच्याशी भांडा, मागच्या वेळी चुकलात हेही सांगा. ज्याला जाब विचारला जातो तोच परत येतो. आणि तुमच्या घरात, आळीत जो कोणी चार बुकं शिकलेला असेल, त्याने बाटलीवरचा कागद वाचायला आळस करू नये.

माझा भाऊ आता फवारत नाही, त्याला ते झेपत नाही. पण हंगामात रोज सकाळी तो सापळ्यातले पतंग मोजतो आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने आकडा लिहितो. तीन, पाच, चार. ताई आल्या की चष्मा सरकवून तो हिशेब वाचतात, बांधावर जाऊन दोन-चार बोंडं फोडून पाहतात आणि म्हणतात, "अजून थांबा." मग चहा होतो. जाताना त्या पुढच्या खेपेचा वार सांगतात. तो वार भाऊ त्याच भिंतीवर, आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवतो.



(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)